हिमोग्लोबिन ६.२, पिशवी काढायचा सल्ला आणि शेवटी तीन रबर बँड: मूळव्याधीची एक पूर्ण केस

ही केस सविस्तर लिहितेय कारण यात मूळव्याधीच्या मोडांना रबर बँड लावायला लागली जेमतेम दहा मिनिटं आणि तिथपर्यंत पोचायला बाईंची चार वर्षं गेली. पेशंटची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं सगळं गाळलंय.

वय ४१, अंगणवाडी सेविका, सोलापूर जिल्ह्यातलं एक खेडं. दोन बाळंतपणं, दोन्ही नॉर्मल. बीपी नाही, शुगर नाही, रक्त पातळ करायची कुठलीही गोळी चालू नाही. मी जनरल सर्जन, पण त्या काही मूळव्याधीसाठी आल्या नव्हत्या, त्या आल्या होत्या पिशवी काढायची की नाही हे विचारायला. हातात जाड फाईल. दोन वर्षांपासून दम लागतोय, जिना चढताना छातीत धडधडतं, पायाला सूज, आणि एका शिबिरात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ६.२. लोहाच्या गोळ्या अधूनमधून चालू. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या भिंतीत दोन सेंटीमीटरची छोटी गाठ दिसली, आणि त्यावरून निष्कर्ष काय, तर अंगावरून जास्त जात असणार, मुलंबाळं झालीयत, पिशवी काढून टाका.

आता ४१ वर्षांच्या बाईचं रक्त कमी असलं की पाळीवर बोट ठेवणं सोपं असतं आणि बऱ्याचदा ते बरोबरही असतं. पण मग पाळीचा हिशोब तरी नीट विचारायला पाहिजे ना. मी विचारला. पाळी चार दिवस, पहिले दोन दिवस दोन-तीन पॅड, गाठी पडत नाहीत, महिन्यातून एकदाच. एवढ्यानं हिमोग्लोबिन ६ वर येत नाही. मधल्या भिंतीतली दोन सेंटीमीटरची गाठ एवढं रक्त वाहवत नाही. आपल्याकडे पिशवी काढणं किती सहज सुचवलं जातं हे वेगळं सांगायला नको, बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या ऑपरेशनांवरून २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती.

मग पुढचा प्रश्न, संडासवाटे रक्त जातं का? बाई गप्प. नवऱ्याकडे बघितलं, मग टेबलाकडे. मी त्यांच्या मिस्टरांना फाईलची झेरॉक्स काढून आणायला पाठवलं. दार लागलं तशा बोलल्या, "जातंय की मॅडम. चार वर्षं झाली. पण असलं कुणाला सांगायचं वो?"

चार वर्षं. फाईलमध्ये सात-आठ चिठ्ठ्या होत्या आणि त्यातल्या एकीवरही शौचाबद्दल एक ओळ नव्हती. त्यांनी सांगितलं नाही हे खरं, पण त्यांना कुणी विचारलंही नव्हतं, आणि माझ्या मते यात विचारण्याची जबाबदारी आपली, डॉक्टरांची. चाळिशीतली खेड्यातली बाई पुरुष डॉक्टरसमोर, शेजारी नवरा किंवा सासू बसलेली असताना हे आपणहून कधीच सांगणार नाही.

एकदा बोलायला लागल्यावर मात्र सगळं स्पष्ट होतं. रक्त लालभडक, शौच झाल्यावर शेवटी टपटप पडतं, कधी कधी भांड्यात पिचकारी उडते. दुखत अजिबात नाही. कुंथलं की कोंब बाहेर येतो, आधी आपोआप आत जायचा, वर्षभर झालं बोटानं ढकलावा लागतो. आठवड्यातून चार-पाच दिवस तरी रक्त. न दुखता लाल रक्त म्हणजे बहुतेक आतली मूळव्याध, आणि शौचाच्या वेळी काचेनं कापल्यागत दुखतं असं कुणी सांगितलं तर आधी फिशर, म्हणजे तिथं पडलेली चीर शोधायची, हा ढोबळ नियम बऱ्यापैकी चालतो. लोक मात्र दोन्हीला मूळव्याधच म्हणतात, आणि त्यामुळे फिशरवर मूळव्याधीचं आणि मूळव्याधीवर फिशरचं मलम लावत बसतात.

रक्ताचा हिशोब इथं मांडते कारण "थेंबभर रक्तानं काय होतंय" हे मी रोज ऐकते. एक मिली रक्तात साधारण अर्धा मिलीग्रॅम लोह असतं. आपण दिवसभरात जे खातो त्यातून शरीर एक-दोन मिलीग्रॅमच शोषून घेतं. म्हणजे रोज चहाचा एक चमचा, पाच मिली रक्त गेलं तरी जमेपेक्षा खर्च जास्त, आणि बाईच्या बाबतीत पाळीचं नुकसान वरून वेगळं. हे महिनोन्महिने चाललं की लोहाचा साठा संपतो. त्यात गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, बद्धकोष्ठानं कुंथणं वाढतं, कुंथण्यानं रक्त वाढतं, मग रक्त कमी म्हणून परत गोळ्या. या बाई दोन वर्षं याच चक्रात फिरत होत्या.

तपासणीला डाव्या कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी, वरून चादर, सिस्टर शेजारी. बाहेरून पुढच्या बाजूला कातडीचा एक लोंबता तुकडा, चीर कुठं नाही. कुंथायला सांगितल्यावर उजव्या पुढच्या बाजूचा कोंब बाहेर आला आणि ढकलल्यावरच आत गेला. बोटानं तपासणी केली. इथं एक सांगायला पाहिजे, आतली मूळव्याध मऊ असते, बोटाला लागत नाही, बोट घालायचं ते मुख्यतः दुसरं काही कडक, गाठीसारखं लागत नाही ना हे बघायला. मग प्रॉक्टोस्कोप, म्हणजे गुदद्वारातून आत बघायची छोटी नळी. नेहमीच्या तीन जागा, डावी बाजू, उजवी पुढची आणि उजवी मागची, तिन्हीकडे फुगवटे. उजव्या पुढच्यावर लाल ठिपका आणि स्कोप मागे घेताना तिथून रक्त झिरपताना डोळ्यांनी दिसलं. ग्रेड सांगायची तर हा एक ग्रेड तीन, बाकी दोन ग्रेड दोन. ग्रेड एक म्हणजे नुसतं रक्त, दोन म्हणजे बाहेर येऊन आपोआप आत जाणारा, तीन म्हणजे ढकलावा लागणारा, चार म्हणजे आत जातच नाही असा.

रक्त कुठून येतंय ते दिसलं, मग लगेच बँड का नाही लावला असं मिस्टरांनी विचारलं. कारण हिमोग्लोबिन ६.२ आहे आणि वय ४१ आहे. मूळव्याध इतकी कॉमन आहे की ती असणाऱ्या माणसाला वर आतड्यात कॅन्सरही असू शकतो, आणि तिशी-चाळिशीतले गुदाशयाचे कॅन्सर आपल्याकडे बघायला मिळतात, ज्यांना महिनोन्महिने मूळव्याधीची पुडी दिलेली असते. लोह संपेपर्यंत रक्त गेलेलं असेल तर पूर्ण कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं अख्ख्या मोठ्या आतड्याची तपासणी, करायचीच यावर मी अजिबात तडजोड करत नाही. सोलापूरला पाठवलं, एकाच दिवशी वरून एंडोस्कोपी आणि खालून कोलोनोस्कोपी. दोन्ही साफ. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, ४ आणि एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा आकार, ६१, दोन्ही खूप कमी, थायरॉईड नॉर्मल.

बसल्या जागी नाडी ११० च्या वर होती म्हणून रक्ताची एक पिशवी दिली, मग शिरेतून लोह, फेरिक कार्बोक्सिमाल्टोज १००० मिलीग्रॅम आणि आठवड्यानं ५००. तोंडावाटे गोळ्या पूर्ण बंद. सोबत इसबगोल आणि डायोस्मिनच्या गोळ्या चालू केल्या, त्यानं रक्त कमी झालं पण कोंब येत राहिला, आणि ते अपेक्षितच होतं, औषधानं कोंब जात नाही. तीन आठवड्यांनी हिमोग्लोबिन ९.४. बँड पडताना थोडं रक्त जाणार हे गृहीत असतं, त्यामुळे खिशात काही शिल्लक असलेलं बरं.

या तीन आठवड्यांत घरच्यांनी सगळे पर्याय गोळा केले होते. कुणी लेझरचं पॅकेज सांगितलं, कुणी स्टेपलरचं ऑपरेशन, कुणी क्षारसूत्र, म्हणजे आयुर्वेदातला क्षार लावलेला दोरा, आणि दीर म्हणाले आमच्या तालुक्यात एक जण एका इंजेक्शनात हमखास बरं करतो. त्या शेवटच्यापासून लांब राहा हे मी हात जोडून सांगितलं. आत काय टोचलंय हे न सांगणाऱ्या ठिकाणी जाऊन तिथली कातडी जळलेली, मार्ग आकसून पेन्सिलएवढा झालेला असे पेशंट मी बघितलेत, त्यांचं पुढं जे करावं लागतं ते मूळव्याधीच्या कुठल्याही ऑपरेशनपेक्षा अवघड असतं.

बाकीच्यांचं एकेक करून बोललो. नीट केलेली इंजेक्शनं म्हणजे स्क्लेरोथेरपी, बदामाच्या तेलातलं ५ टक्के फिनॉल किंवा हल्ली पॉलिडोकॅनॉल, ही पहिल्या-दुसऱ्या ग्रेडला चांगली, विशेषतः ज्यांची रक्त पातळ करायची औषधं थांबवता येत नाहीत त्यांना. इन्फ्रारेड कोअॅग्युलेशन, म्हणजे उष्णतेनं मोड आकसवणं, त्याचंही क्षेत्र तेच, छोटी मूळव्याध. लेझर ऑपरेशनपेक्षा कमी दुखतं हे खरं, पण मोड कापून काढण्याच्या ऑपरेशनच्या तुलनेत त्रास परत येण्याचं प्रमाण जास्त आहे, आणि जाहिरातीत हा अर्धा भाग नसतो. स्टेपलर आणि जुनं ऑपरेशन यांची तुलना करणारी ईथॉस नावाची मोठी ट्रायल ब्रिटनमध्ये झाली, २०१६ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. सुरुवातीला स्टेपलरवाल्यांना कमी दुखलं, पण दोन वर्षांचा हिशोब केल्यावर जुनंच ऑपरेशन सरस ठरलं. हे जुनं म्हणजे लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधल्या मिलिगन आणि मॉर्गन यांनी १९३७ मध्ये मांडलेलं, मोठ्या ग्रेड तीन-चारला आणि बाहेरचाही मोठा भाग असेल तर आजही मी तेच सुचवते, पण त्यानंतरचे दोन-तीन आठवडे दुखणं असतं आणि ते लपवून पेशंटला तयार करायचं नाही.

क्षारसूत्राबद्दल त्यांच्या सासूबाईंनी विचारलं. भगंदरात त्याचा उपयोग होतो हे भारतातल्याच ट्रायलमध्ये दिसलंय, आणि मोड मुळाशी बांधून टाकायचा ही कल्पना काही परकी नाही. सुश्रुतानं अर्शाला, म्हणजे मूळव्याधीला, औषध, क्षार, अग्नी, शस्त्र असे चार मार्ग सांगितलेत. शिकलेल्या वैद्याकडे करणार असाल तर माझा विरोध नाही, पण या बाईंना कमी त्रासाचा आणि घरी लगेच जाता येईल असा पर्याय उपलब्ध होता.

तो म्हणजे बँडिंग. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमधले जेम्स बॅरन यांनी १९६३ मध्ये ब्लेसडेल यांच्या दोरा बांधायच्या उपकरणात बदल करून रबराची छोटी रिंग वापरली, तेव्हापासून मूळ पद्धत तीच. मोडाच्या मुळाशी घट्ट रिंग बसते, रक्तपुरवठा तुटतो, मोड सुकतो आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत गळून पडतो, आणि तिथं जो व्रण भरतो त्यानं वरचं सैल आवरण खालच्या स्नायूला चिकटतं, म्हणून कोंब परत घसरत नाही. बाईंना मी बाळाच्या नाळेचं उदाहरण दिलं, बांधली की सुकते आणि आपोआप पडते. अंगणवाडीत काम करणारीला यापेक्षा जास्त समजवावं लागलं नाही.

परत उद्भवण्याचं स्पष्ट बोललो. हबल नावाची ट्रायल, तीही ब्रिटनमधली आणि २०१६ च्या लॅन्सेटमधली, बँडिंग विरुद्ध डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह शोधणारं यंत्र, लावून मोडाची रक्तवाहिनी बांधणं. वर्षभरात बँडवाल्यांपैकी ४९ टक्क्यांना परत त्रास, डॉप्लरवाल्यांपैकी ३० टक्क्यांना. आकडा बघून माणूस घाबरतो. पण परत एकदा बँड लावणं हा उपचाराचाच भाग धरला तर फरक बराच कमी होतो, आणि डॉप्लरवाल्यांना सुरुवातीला दुखलंही जास्त, खर्चही बराच जास्त. म्हणून मी पेशंटला सुरुवातीलाच सांगते की हे एका बैठकीचं काम समजू नका. या बाईंना भुलीची भीती, सुट्टी मिळत नाही, बाहेरचा भाग छोटा, एकच कोंब तिसऱ्या ग्रेडचा, सगळं बँडिंगच्या बाजूनं होतं. रबराची अॅलर्जी विचारून घेतली, फुगा किंवा हातमोज्यानं खाज-पुरळ येतं का असं विचारलं की कळतं.

पहिली बैठक. भूल नाही, उपाशी राहायची गरज नाही. तशीच डावी कूस. सक्शनचा लायगेटर, म्हणजे मोड ओढून घेऊन त्यावर रिंग सोडणारं उपकरण, त्यावर शंकूवरून दोन रिंगा चढवून तयार ठेवलेल्या, एक तुटली तर दुसरी हाताशी. प्रॉक्टोस्कोप आत, मोड समोर आला, पण रिंग मोडाच्या टोकावर लावायचीच नाही, मोडाच्या वरच्या बाजूला लावायची. आतलं नाजूक आवरण आणि बाहेरची कातडी जिथं मिळते ती डेंटेट लाईन, तिच्या वर दुखण्याची जाणीव नसते आणि खाली सुई टोचल्यासारखं सगळं कळतं. बँडिंग दुखलं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना ती रिंग खाली बसलेली असते. म्हणून सक्शन सुरू केल्यावर रिंग सोडायच्या आधी थांबायचं आणि विचारायचं. "ताई, टोचतंय का? की नुसतं दाबल्यासारखं?" "दाबल्यागत वाटतंय." मग रिंग सोडली. उजवा पुढचा झाला. डाव्या बाजूला मात्र सक्शन लावताच बाई "टोचतंय, टोचतंय" म्हणाल्या, लगेच सक्शन सोडलं, साधारण एक सेंटीमीटर वर सरकले, परत विचारलं, मग दुसरी रिंग. एका बैठकीत दोनच, तिसरा सहा आठवड्यांनी.

उठून बसल्यावर त्यांना जोराची संडास लागल्यासारखं वाटायला लागलं. हे होतंच, आतला बांधलेला मोड आतड्याला मळ वाटतो, आणि अशा वेळी जाऊन कुंथत बसायचं नाही हे आधीच बजावून ठेवायचं. काही जणांना चक्कर येते म्हणून वीस मिनिटं आडवं ठेवलं. पॅरासिटामॉल लिहून दिली, आयब्युप्रोफेन-डायक्लोफिनॅक घरात असेल तरी घ्यायची नाही, त्यानं रक्त वाढू शकतं. दिवसातून दोनदा कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसायचं.

आणि एक चिठ्ठी हातात दिली, मराठीत, मोठ्या अक्षरात. आठवडा ते दोन आठवडे या काळात बँड पडताना थोडं रक्त जाईल, घाबरू नका. पण गाठींसकट रक्त वारंवार जायला लागलं, डोळ्यापुढं अंधारी आली, तर रात्र असली तरी निघून या. आणि दुसरं, जे क्वचित होतं पण जिवावर बेततं: दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललं, ताप आला, लघवी अडली, या तिन्हीतलं काहीही झालं तर ते इन्फेक्शन असू शकतं, फोनवर विचारत न बसता थेट या.

आठव्या दिवशी सकाळी मिस्टरांचा फोन, रक्त गेलं. फोन बाईंना द्यायला सांगितला. किती? दोन चमचे असेल. गाठी? नाहीत. परत गेलं का? नाही. चक्कर? नाही. सोबत काळसर सुकलेला तुकडा आणि रबराची रिंग पडलेली त्यांनी स्वतः बघितली होती. घरीच थांबायला सांगितलं, संध्याकाळी परत विचारलं, थांबलेलं होतं.

खाण्यापिण्याचं बोलायला मला बँडिंगपेक्षा जास्त वेळ लागला आणि तो लागायलाच पाहिजे. ज्वारीची भाकरी खाणाऱ्या बाईला बद्धकोष्ठ का, हा प्रश्न मला पडला होता. उत्तर दोन ठिकाणी सापडलं. एक उपास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, आणि उपासाला साबुदाणा, ज्यात फायबर जवळपास नाहीच, वर दिवसभर चहा. उपास सोडा म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे येणं सोडलं असतं, म्हणून साबुदाण्याऐवजी राजगिरा, रताळं, पेरू, ताक असं ठरवलं. सुरण विचारला, तोही चालेल, भाजी म्हणून खा, औषध म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका. दुसरं कारण अंगणवाडीतलं. तिथल्या संडासला पाणी नाही, त्यामुळे घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत त्या पाणीच पीत नव्हत्या आणि लागली तरी दाबून ठेवत होत्या. यावर माझ्याकडे औषध नाही. सकाळी उठल्यावर दोन ग्लास पाणी, नाश्त्यानंतर पंधरा मिनिटांनी ठरवून संडासला जायचं, तीन-चार मिनिटांत झालं नाही तर उठायचं, एवढी घडी बसवली आणि संडासला पाण्याची सोय व्हावी म्हणून त्यांनी पर्यवेक्षिका मॅडमकडे अर्ज दिला, त्याच्यासोबत मी वैद्यकीय कारणाचं पत्र दिलं. इसबगोल रात्री दोन चमचे पूर्ण ग्लासभर पाण्यात, लगेच प्यायचा, वर आणखी एक ग्लास पाणी. कमी पाण्यात घेतला तर उलट जास्त घट्ट होतं.

सहा आठवड्यांनी रक्त पूर्ण बंद, कोंब येत नाही, हिमोग्लोबिन ११.१. उजव्या मागच्या बाजूला तिसरी रिंग लावली, काही त्रास नाही. सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.३, फेरिटिन ३८, पायाची सूज गेली, पाळी आधीसारखीच चार दिवस. गर्भाशयातली गाठ परत सोनोग्राफीत तेवढीच, त्याला हात लावलेला नाही.

वर्षभरात एकदा, लग्नसराईत, दोन दिवस रक्त दिसलं. या वेळी चौथ्या दिवशी त्या स्वतःहून आल्या, एकट्या. प्रॉक्टोस्कोपीत डाव्या बाजूला छोटा फुगवटा, ग्रेड एक, बँडची गरज नाही, इसबगोल परत नियमित केला आणि थांबलं. बाहेरचा कातडीचा तुकडा तसाच आहे, तो काढायचा का असं विचारत होत्या, स्वच्छतेला अडचण नसेल तर राहू दे म्हटलं. दर सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन बघायचं ठरलंय. रक्त परत नियमित जायला लागलं तर आधी स्कोप, गरज वाटली तर आणखी एक बँड, आणि त्यानंतरही कोंब ढकलायची वेळ आली तर मग बँड लावत न राहता ऑपरेशनचं बोलायचं, हे त्यांना आणि मिस्टरांना दोघांनाही समोर बसवून सांगितलंय.